चैतूच्या कुत्र्याची दाढ

भाऊजी गेल्याचं माझ्या भाच्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "मावशी, बाबा गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत." अशा वेळी माणूस रडतं, निदान देवाचं नाव घेतं. मी मात्र त्याला दोनदा विचारलं, "झोपेतच ना रे? नक्की झोपेतच?" तो बिचारा गोंधळला. मला मात्र तेवढंच ऐकायचं होतं. ज्या माणसाने ऐन तारुण्यात, एका पावसाळ्यात, बंद खोलीत बसून भलत्याच मरणाची वाट पाहिली होती, त्याला शेवटी असं अलगद मरण आलं, याचं मला दुःखाआधी समाधान वाटलं. खोटं कशाला बोलू? त्याला आता महिना होऊन गेला आणि रडू कुठे हल्ली यायला लागलंय...

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ढोरडॉक्टर. तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, गडचिरोली वेगळा व्हायला खूप अवकाश होता. भाऊजींची बदली झाली ती एटापल्लीच्या अलीकडच्या एका जंगलातल्या गावी. वर्ध्याकडे वाढलेला माणूस, इथे येऊन पार बावरून गेला. ताईला पहिलं मूल झालं होतं म्हणून तिच्या सोबतीला माझी रवानगी झाली. मी अठरा वर्षांची, तोंडाची फटकळ, आणि भाऊजींसारखा भित्रा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. चपलेत पाय घालायच्या आधी ती झटकायचे, मग काठीने टोचायचे, मग पुन्हा झटकायचे. संध्याकाळी परसात जायचं तर कंदील, काठी आणि तोंडाने मोठमोठ्याने खाकरणं. मी म्हणायची, "भाऊजी, भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" ते शांतपणे म्हणायचे, "मी भित्रा नाई व कुसुम, मी सावध आहो." मारक्या म्हशीला मात्र हा माणूस लीलया आडवं पाडायचा. खरी भीती कुत्र्याची. लहानपणी त्यांच्या शेजारचा एक गडी कुत्रं चावून मेला होता आणि ते त्यांनी पाहिलं होतं. काय पाहिलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. फक्त म्हणाले होते, "पानी पाहून माणूस कसा ओरडते, ते कोनाले दिसू नये."

श्रावण असेल. बाजाराचा दिवस. चैतू नावाचा एक गोंड माणूस कुत्र्याला खांद्यावर घालून दवाखान्याच्या पडवीत आला. नाल्यापलीकडच्या पाड्यावर राहायचा तो, शिकारीला जायचा, त्याचं हे कुत्रं. कुत्र्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, जबडा अर्धवट उघडा, डोळ्याखाली लिंबाएवढी सूज. बाजारातली माणसं मागे सरकली. "पिसायलं हे! डॉक्टर, गोळी घाला याले!" कोणीतरी दगड उचलला. मी आणि ताई लागूनच्या आमच्या घराच्या खिडकीतून पाहत होतो. भाऊजींचा चेहरा पांढराफटक झाला होता. आत निघून आले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण त्यांना ती सूज दिसली होती. डोळ्याखालची सूज म्हणजे बहुतेक वरची मोठी दाढ किडलेली असते, हे ते नंतर आम्हाला शंभरदा सांगायचे. दाढ दुखली की कुत्रं खात नाही, लाळ गाळतं, डोकं झटकतं, जवळ गेलं की अंगावर येतं. आणि पिसाळलेलं कुत्रंही नेमकं असंच वागतं. यातलं कुठलं, हे लांबून कळायला मार्ग नाही. म्हणून त्यांनी पडवीतूनच विचारलं, "चैतू, याले काही चावलं-गिवलं काय?"

चैतू म्हणाला, "नई."

भाऊजींनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला खिडकीत ऐकू आला. मग कामाला लागले. कापडाची एक पट्टी वरच्या जबड्याला, एक खालच्या. वरची चैतूने ओढून धरली, खालची दवाखान्याच्या शिपायाने. भाऊजींनी आत पाहिलं आणि एकदम खुशीत ओरडले, "दाढच आहे! उभी चिरली!" हाड फोडताना दाढ चिरते, चिरेतून कीड आत जाते आणि मुळाशी पू धरतो. तिला तीन मुळं असतात, सरळ ओढली तर येत नाही. भाऊजी ती हलवत, फोडत, तुकड्या-तुकड्याने काढत होते. कुत्रं केविलवाणं विव्हळत होतं. शेवटच्या तुकड्याला त्याने जोराचा हिसडा दिला आणि भाऊजींच्या अंगठ्यावर दात घासला गेला. नुसतं खरचटलं. त्यांनी साबणाने, मग औषधाच्या पाण्याने हात खसाखसा धुतला. चैतू कुत्र्याला घेऊन हसत गेला. त्या दुपारी भाऊजी इतके खुशीत होते की तान्ह्या बाळासमोर बसून त्यांनी ती दाढ कशी काढली ते सगळं साभिनय सांगितलं.

संध्याकाळी सोनाबाई पाणी भरायला आली. ती गोंडच, आमच्याकडे कामाला असायची. मी तिला हौसेने सगळं सांगितलं. लोक कसे घाबरले, भाऊजींनी कसं विचारलं आणि चैतू कसा 'नाई' म्हणाला. सोनाबाईने घागर खाली ठेवली.

"नाई म्हनला का नई म्हनला, बाई?"

"काय फरक आहे?"

"आमच्यात कुत्र्याले नई म्हनते."

भाऊजी दारातच उभे होते. याला काही चावलं का? कुत्रं... असं उत्तर होतं ते! चैतूला प्रश्न बरोबर कळला होता आणि उत्तरही त्याने खरं दिलं होतं. कुठल्याशा कुत्र्याने त्याच्या कुत्र्याला चावा घेतला होता. ते कुत्रं कसं होतं, कधी चावलं, कोणाला माहीत? दाढ किडलेली होती हे खरं, पण किडक्या दाढेचं कुत्रं पिसाळत नाही असं थोडंच आहे! भाऊजी अंगठ्याकडे पाहत खाली बसले. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची थट्टा सुचली नाही.

कुत्रं चावल्यावरची इंजेक्शनं मिळायची ती चांद्याला. बस कधीचीच बंद, नद्या दुथडी. ताईने दाताच्या कण्या केल्या, पायी जाऊ, नाव करू, कोणाचे तरी पाय धरू... पण त्या पुरात नाव घालायला कोणी धजेना. उपाय एकच, ते कुत्रं. "ते आठ-दहा दिवस जगलं, तं मी वाचलो," भाऊजी म्हणाले. "मेलं, तं समजून जा." आणि तिसरी गोष्ट ते बोलले नाहीत, पण सगळ्यांच्या मनात तीच होती. लाळ गाळणारं कुत्रं पाड्यावरच्या लोकांनी पिसाळलेलं समजून आधीच मारून टाकलं असलं, तर कधीच काही कळणार नव्हतं. दुपारनंतर नालाही चढला होता, म्हणून सोनाबाईच्या नवऱ्याने अलीकडच्या काठावरूनच बोंबलून निरोप दिला, कुत्रं मारू नका. पलीकडे कोणी ऐकलं की नाही, देव जाणे.

भाऊजी दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत राहायला गेले. ताट वेगळं, अंथरूण वेगळं. बाळाला जवळ घेत नव्हते. जाताना ताईला म्हणाले, "मले पान्याची भीती वाटली, तं बाहेरून कडी लावजो. मी कितीही ओरडलो तरी उघडू नको." दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने पितळी गिलासात पाणी घेतलं आणि खिडकीतून आत दिलं. भाऊजी त्या पाण्याकडे पाहत राहिले. मी ताईच्या मागे उभी होते. मग त्यांनी गिलास तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायले. ताई घरात आली, चूल पेटवली, चहा ठेवला. पाणी पोटात गेल्याशिवाय त्या घरात चूल पेटत नसे. रोज. मी तेव्हा पाण्याच्या आवाजालाही भ्यायला लागले होते.

बाराव्या दिवशी सकाळी पाऊस उघडला, नाला जरा उतरला आणि पलीकडच्या काठावर चैतू दिसला. एकटाच. आम्ही सगळे धावलो. भाऊजी सर्वांच्या मागे, लांब उभे राहिले. शिपाई ओरडला, "अरे, कुत्रं कुठी हाय?"

पलीकडून आवाज आला, "नई!..." पुढचं पाण्याच्या आवाजात बुडून गेलं.

नाही की कुत्रं? भाऊजी चिखलातच मटकन बसले. ताईने माझा दंड असा आवळला की पुढे कित्येक दिवस तो काळानिळा होता. चैतू पाण्यात उतरला आणि त्याच्या मागे, झुडपातून बाहेर येऊन, काठावर अंग झटकत, भुंकायला लागलं ते! सूज उतरलेली, तोंड मिटलेलं. भाऊजी रडले. सगळ्यांसमोर, मोठ्याने, लहान मुलासारखे.

त्यानंतर माझ्या भाऊजींचं भय कुठे गेलं कोण जाणे. दिसेल त्या कुत्र्याचा ओठ वर करून दात पाहायचे. मालकाला दटावायचे, "शिजवलेलं हाड देऊ नको लेका, दाढ फुटते. डोयाखाली सुजलं तं लगेच आन." लोक हसायचे, 'दातवाला डॉक्टर' म्हणायचे. पुढे ताडोब्याकडे, सिरोंच्याला, जिथे बदली झाली तिथे हेच. पण त्यांची भीती वाया गेली नाही, ती माझ्या बहिणीने उचलली. कोणीतरी तिला सांगितलं होतं की कुत्र्याचं विष बारा वर्षांनीही उसळतं. भाऊजींनी समजावलं, पुस्तकं दाखवली, चिडले. पुढे बारा वर्षंही उलटून गेली. पण रोज सकाळी, चहाच्या आधी, ताई त्यांच्या हातात पाण्याचा गिलास द्यायची आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची. नातवंडांना वाटायचं, आजोबांना पाणी प्यायची चांगली सवय आहे.

मागच्या आठवड्यात मी चंद्रपूरला ताईकडे राहायला गेले. सकाळी स्वयंपाकघरात पाहते तर ताई खुर्चीवर बसलेली, पुढ्यात भरलेला गिलास. सून हळूच म्हणाली, "रोज असंच बसतात. चहा ठेवू देत नाहीत, घेत नाहीत." मी ताईजवळ बसले. म्हटलं, "ताई, आता कसली भीती? ते सुखाने गेले, झोपेत गेले."

"तेच तं," ती म्हणाली. "इतके वर्ष रोज सकाळी भ्यायची मी. आता कोनासाठी भिऊ, कुसुम?"

मी तो गिलास उचलला आणि तिच्या डोळ्यांदेखत सगळं पाणी प्यायले. ताई पाहत होती, पूर्वी खिडकीबाहेर उभी राहून पाहायची तशीच. गिलास रिकामा झाल्यावर ती उठली, शेगडी पेटवली आणि मला विचारलं, "साखर किती घेतेस व तू आता?"