काचेच्या कौलावरचा पत्रा

वानरांनी आमच्या घराची कौलं फोडायची बाकी ठेवली नव्हती. टोळी येऊन गेली की नवऱ्याने वर चढायचं, फुटकी कौलं काढायची आणि उरलेली सरकवून भागवायचं. शेवटी वैतागून त्यानेच ठरवलं, कौलांवरून पत्रे टाकायचे. कौलं तशीच खाली ठेवायची, उन्हाळ्यात तेवढाच गारवा. मलाही ते पटलं.

पण माझं शिलाई मशीन मधल्या खोलीत, छपरातल्या एकुलत्या एका काचेच्या कौलाखाली. त्या खोलीला खिडकी नाही. दिवसा लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि काळ्या ब्लाउजला काळ्या दोऱ्याने काज करायचं काम मोबाइलच्या बॅटरीवर होत नाही. गावातले निम्मे ब्लाउज माझ्या हातचे. म्हणून मी नवऱ्याला बजावलं होतं, तेवढ्या जागी फायबरचा पत्रा आणा, उजेड येईल असा. तो हो म्हणाला. आमच्या घरात बाईला हो म्हणायला काही लागत नाही.

वेल्डिंगवाल्याने कौलांच्या वर लोखंडी पाइपांचा सांगाडा बसवला आणि एका कडेने पत्रे ठोकायला सुरुवात केली. मी आत काज करत होते. खोलीत अंधारून यायला लागलं तशी सुई टोचून ठेवली आणि अंगणात आले. उरलेल्या ढिगात सगळे निळे पत्रे. फायबरचा एकही नाही.

“फायबरचा कुठंय?”

“वानरं उड्या मारून फोडतेत त्याला,” नवरा म्हणाला. “बल्ब लाव की. लय उजेड पडतो.”

“आन लाइट गेल्यावर? फायबरचा फुटला तर माझ्या पैशानं दुसरा आणीन मी.”

त्यावर तो वेल्डिंगवाल्याकडे वळून म्हणाला, “तुमी करा हो तुमचं काम.”

माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि शिडीवर पाय ठेवला. काचेच्या कौलापाशी पाइपावर जाऊन बसायचं, मग बघू पत्रा कोण टाकतो ते.

“आबा ओसरीत बसलेत, कळतंय का तुला?” नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

कळत होतं. सासरा घरात बसलेला असताना सुनेने छपरावर चढायचं नाही, म्हणजे त्याच्या डोक्यावर पाय दिल्यासारखं होतं. आमच्याकडे पापड वाळत घालायलासुद्धा बायका सासरा शेतात जाण्याची वाट बघायच्या. मला रडू यायला लागलं होतं, पण मी दुसऱ्या पायरीवर गेले.

ओसरीतली बाज करकरली. सासरे उठले. आता शिव्या बसणार म्हणून मी शिडी घट्ट धरली. ते काठी टेकत अंगणात आले, माझ्याकडे न बघता पत्र्यांच्या ढिगापाशी गेले आणि वरच्या पत्र्यावर मांडी घालून बसले.

“मी भाईर हाय,” ते मुलाला म्हणाले. “आता कुणाच्या डोक्यावर चढायली ती? जा, तिचा पत्रा घेऊन ये. तवर मी हितून उठत न्हाई.”

नवऱ्याने गाडीला किक मारली आणि पत्रा आणायला बोरीच्या रस्त्याला लागला. मी वर जाऊन पाइपावर बसले. ऊन चढलं होतं, सासऱ्यांच्या खालचा पत्रा चांगलाच तापला असणार.

“मामा,” मी वरून म्हणाले, “सावलीत बसा.”

“तू उतरलीस की बसतो,” ते म्हणाले.