शरयूताईंच्या तोंडपाठ कविता

शरयूताई देवधरांची आणि माझी पहिली भेट ग्लासगोच्या एका हॉस्पिटलमध्ये झाली. मी नागपूरहून नुकती आलेली ज्युनियर डॉक्टर, त्या पॅथॉलॉजीच्या कन्सल्टंट. कँटीनमध्ये माझा रडवेला चेहरा पाहून त्यांनी डब्यातलं थालीपीठ माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतःशीच रशियन भाषेत काहीतरी पुटपुटू लागल्या. बाई जरा चक्रम दिसतात, असं मला वाटलं. नंतर कळलं, त्यांचं डॉक्टरीचं शिक्षण रशियात झालेलं, आणि तिथल्या कविता त्या रोज अशा घोळवतात.

आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. रशियन कवितांच्या त्यांच्या छापील मराठी अनुवादांचं कौतुक या गौरव अंकात इतरांनी केलंच आहे. मला लिहायचंय ते न छापलेल्या कवितांविषयी. रशियात त्यांची एक कवयित्री मैत्रीण आहे. युद्धाविरुद्ध लिहिलं म्हणून त्या बाईंना एकदा चौकशीला नेलं होतं. तेव्हापासून त्या काहीच कागदावर ठेवत नाहीत. दोघी सुट्टीत तिसऱ्याच देशात भेटायच्या, मैत्रीण कविता म्हणायची आणि शरयूताई पाठ करायच्या. मराठी अनुवादही तोंडीच.

गेल्या गणेशोत्सवात ताईंनी त्यातली एक कविता आमच्या इथल्या मराठी मंडळात म्हटली, कवयित्रीचं नाव न घेता. पण आमचं आभारप्रदर्शन! कुणाचं नाव राहिलं की वर्षभर रुसवे. आमचे कार्यवाह जाधव यांना ते नाव खासगीत ठाऊक होतं. त्यांनी हॉलवाल्यांपासून मोदक करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आभार मानले आणि बोलण्याच्या भरात त्या बाईंचेही मानले, नावागावासकट. कार्यक्रम यूट्यूबवर लाइव्ह चालू होता.

व्हिडिओ लगेच यूट्यूबवरून काढून टाकला. मराठी कार्यक्रम तिकडे कोण बघतंय, असं जाधव म्हणत राहिले.

"जाधव, आपल्याकडे कवितेला श्रोते मिळत नाहीत," शरयूताई म्हणाल्या. "तिथे सरकार स्वतः कान देऊन ऐकतं."

त्यानंतर मैत्रिणीचे मेसेज थांबले. त्यांना पकडलं, की त्याच सावध झाल्या, कळायला मार्ग नाही. चौकशी करावी तर ती त्यांच्याच अंगाशी यायची. शरयूताईंनी जाधवांना एका शब्दानं दुखावलं नाही. ते मंडळात येईनासे झाले तेव्हा त्या स्वतः त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन आल्या. मात्र हल्ली फोन वाजला की त्या हातातलं काम टाकून धावतात, हे मी पाहिलंय.

संपादकांनी या अंकासाठी त्या कविता मागितल्या होत्या. मैत्रीण बाहेर आहे की तुरुंगात, हे कळल्याशिवाय एक ओळही देणार नाही, असं ताईंनी स्वच्छ सांगितलं.

मागच्या आठवड्यात त्यांना एक ओळ आठवेना. स्वयंपाकघरात ओटा धरून उभ्या राहिल्या, आधीच्या ओळी पुन्हा पुन्हा म्हणत. शेवटी आठवली, पण मी अजून धसकलेलीच आहे. त्या कविता जगात दोनच माणसांपाशी आहेत, आणि त्यातलं एक माणूस कुठे आहे, आम्हांला माहीत नाही.

तेव्हा शरयूताई, शंभर वर्षं जगा, ठणठणीत राहा. बीपीची गोळी चुकवू नका, बर्फात एकट्या बाहेर पडू नका. लोक अशा शुभेच्छा प्रेमानं देतात. मीही देते, पण खरं सांगू, मला फार भीती वाटते.