पवळीच्या मागचं नाव

कऱ्हाटीचे आबाजी मेंढरं कधी मोजत नसत. मोजलं की कळपाला दृष्ट लागते, असं त्यांच्या घराण्याचं मानणं. दिवस कलला, कळप जाळ्याच्या कुंपणात शिरू लागला, की ते तोंडाशी उभे राहून एकेकीचं नाव घेत. तांबडी, बांडी, मोरी, लांबकानी. आधी आई, तिच्या मागं तिची लेक. एखादं पिल्लू आईवेगळं झालं, तर ज्या मेंढीनं त्याला पाजलं तिच्या मागं त्याचं नाव. नाव घेतलं आणि ओ आली नाही, की कोण मागं राहिली ते कळे. जपमाळेतला एकही मणी सुटू नये, तशी त्यांची जीभ त्या नावांवरून फिरे.

पुढं रानं उसाखाली गेली, चराई सरली, कळप विकला. आबाजींची लेक सुकन्या जन्मली ती त्यानंतर वर्षानं. तिनं मेंढरं पाहिली नाहीत, फक्त ऐकली. रिकाम्या अंगणात उभे राहून आबाजी रोज तिन्हीसांजेला ती नावं घेत. सुकन्याची आई भामाबाई चुलीपुढून हलत नसे. बिरोबाच्या नावानं सुरुवात, बिरोबाच्याच नावानं शेवट.

सुकन्या बारामतीला संगणक केंद्रात कामाला लागली, तेव्हा १९९३ साली तिनं पहिलं प्रेमाचं काम हेच केलं. एका ओळीवर एक नाव, अशी सगळी साखळी टंकून फ्लॉपीत ठेवली. लग्न होऊन इंदापूरला आली, तशी ती फ्लॉपीही माहेरच्या शिदोरीसारखी सोबत आली.

चार वर्षांनी आबाजींना विस्मरणानं धरलं. औषधपाण्यासाठी सुकन्यानं त्यांना इंदापूरला आणलं. भामाबाई शेत आणि शेळ्या सांभाळत कऱ्हाटीलाच राहिली. आबाजी लेकीला विचारत, "बाई, तुमी कुणाच्या?" जेवलो हे विसरत, घर विसरत. पण सांज झाली की उठून उभे राहत आणि नावं घेत.

ती साखळी तरी शाबूत आहे का? सुकन्याच्या जिवाला तेवढंच लागून राहिलं. कारण ती तुटली की आपले आबा खरोखर गेले, असं तिला वाटे. तिनं वही घेतली, ते म्हणतील तसं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या केंद्रात जाऊन नवी फाइल केली.

केंद्रचालक इंद्रजित पडद्याकडं पाहून हसला. "सुकन्याताई, ही कुठल्या वॉर्डाची मतदारयादी?"

"आमच्या आबांच्या वॉर्डाची. सगळे मतदार चार पायांचे. जुनी यादी नि नवी यादी ताडून पाहायचीय."

"डोळे कशाला फोडता? एक हुकूम द्या, यंत्रच सांगेल."

त्यानं दाखवलं तसं काळ्या पडद्यावर एफ-सी ही दोन अक्षरं, पुढं दोन्ही फाइलींची नावं टंकून सुकन्यानं कळ दाबली. क्षणात उत्तर आलं. फरक एकच. जुन्या यादीत पवळीनंतर टिकली. नव्या यादीत पवळी, मग सारजा, मग टिकली. बाकी एक अक्षर हललेलं नव्हतं.

सुकन्याचे डोळे भरून आले. स्वतःच्या लेकीला विसरलेल्या माणसानं एक नाव हरवलं नव्हतं. उलट एक जास्तीचं आणलं होतं.

संध्याकाळी ती मायेनं म्हणाली, "आबा, सारजा नव्हती आपल्यात."

"व्हती."

"हा बघा कागद. तुम्हीच सांगितलेला."

"व्हती गं बाई. ल्हानगी व्हती."

"मेंढीला माणसाचं नाव कुणी ठेवतं का? पवळीनंतर टिकली. म्हणा बरं."

आबाजींनी कागदाकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सुकन्यानं ती ओळ पुसली. यंत्रानं कळवलं, दोन्ही फाइलींत फरक नाही. तिला समाधान वाटलं. त्या सांजेपासून आबाजी पवळीपर्यंत येत आणि थांबत. पुढं एक नाव घेत नसत. अंधार पडेपर्यंत दाराकडं पाहत उभे राहत, कुणी मागं राहिलं असावं, तसे. दीड महिन्यानं ते गेले.

दहावा झाल्यावर कऱ्हाटीच्या ओसरीवर सुकन्यानं आईला हे सांगितलं. भामाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"सारजा म्हनलं त्यांनी?"

"व्हय आये. कोण होती?"

"तुझी थोरली भन. कोकनाकडं जाताना घाटात झाली. मला ताप, अंगावर दूध न्हाय. पवळीच्या दुधावर अकरा दिस जगली." भामाबाईनं सूप खाली ठेवलं. "तितंच मातीत ठिवली तिला. मी त्यांना बिरोबाची आन घातली, ह्ये नाव माझ्या कानावर पुन्हा येऊ देऊ नगा. मानूस आन पाळत गेलं, माय."

विस्मरणानं आबाजींचं सगळं नेलं, तशी ती शपथही नेली. तेव्हा कुठं बापाला आपलं लेकरू त्याच्या जागेवर, पवळीच्या मागं, उभं करता आलं. आणि सुकन्यानं ते पुसलं.

"कागदावर तरी हाय का ती?" भामाबाईनं विचारलं.

"होती, आये. मीच काढली."

इंदापूरला परतताच तिनं ती ओळ पुन्हा घातली आणि तोच हुकूम दिला. मागून इंद्रजित म्हणाला, "ताई, फरक येतोय. जुन्यासारखं करू?"

"नको. येऊ द्या. हा फरक कुणी काढायचा नाही."

मासिक श्राद्धाच्या दिवशी ती नव्या यादीचा कागद घेऊन कऱ्हाटीला गेली. तिन्हीसांजेला अंगणात, आबाजी उभे राहत त्याच जागी उभी राहून वाचू लागली. तांबडी, बांडी, मोरी, लांबकानी. नावामागून नाव आलं. पवळी आली. पुढची ओळ डोळ्यांपुढं होती, पण तोंडातून फुटेना.

चुलीपुढून भामाबाई उठली, उंबऱ्यात आली. कातर, पण स्वच्छ आवाजात म्हणाली,

"सारजा."

मग सुकन्यानं पुढचं नाव घेतलं.