मामाजींचा डोंगा आणि मी आवळलेला स्क्रू

मी माझ्या सासऱ्यांना दोन महिने फसवलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. ही गोष्ट घरात फक्त नितीनला, माझ्या नवऱ्याला, माहीत आहे. आता तुम्हालाही कळू दे.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, जन्मभर धरणावरच्या मच्छीमार सोसायटीत बोट चालवायचे. रिटायर होऊन आमच्याकडे शहरात, नंदनवनला आले. वर्षभर कसंबसं घरात बसले. मग एके दिवशी सोसायटीने भंगारात काढलेली फायबरची बोट, त्यांच्या भाषेत डोंगा, टेम्पोत घालून घेऊन आले. सोबत तिचं जुनं आउटबोर्ड इंजिन, बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते.

अंगणात चार टायरवर बोट पालथी. आमच्या गाड्या रस्त्यावर.

शेजारचे काका रोज विचारायचे, "मारोतराव, नंदनवनात समुद्र कधी येऊन राहिला गा?"

"तुमच्या नळाले पाणी आलं की येते," मामाजींचं उत्तर तयार असायचं.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. त्यामुळे त्यांनी मलाच कामाला जुंपलं. पोराला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नाही, हे त्यांनी मला लग्नाच्या बैठकीतच सांगून टाकलं होतं.

बोटीच्या बुडाला हातभर चीर होती. त्यावर फायबरची मॅट बसवायची आणि वरून रेझिन लावायचं. ऐन मे महिना. घट्ट करणारं हार्डनर घातलं रे घातलं की रेझिन मगातच दगड व्हायचं.

मग मी शहाणपणा केला. घरातला कूलर ओढत आणून बोटीसमोर लावला.

त्या ओल्या हवेने रेझिन वाळेचना. तीन दिवस थर चिकटच. सगळा खरवडून काढावा लागला.

मामाजी रागावले नाहीत. "कूलर माणसासाठी असते वं पोरी. डोंग्याले कायले झोपवते?"

नंतर आम्ही सकाळी पाचला काम करायला लागलो. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण सासऱ्यांशी खरं बोलणं तेव्हा सुरू झालं.

पोळा झाला आणि मामाजींना धाप लागायला लागली. धंतोलीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, हार्टचं पंपिंग फार कमी आहे. जिना नको, वजन नको, दगदग नको. बोटीचं नाव तर काढूच नका.

परत येताना मामाजी ऑटोत म्हणाले, "इंजिनाची दोरी तू ओढजो. मी नुसता बसून राहीन. एक चक्कर मारू धरणावर, मंग झालं."

घरी आल्यावर नितीनने मला स्वयंपाकघरात गाठलं. "इंजिन सुरू झालं तर बाबा कोणाचं ऐकणार नाहीत. एकटे जातीन. तू ते चालूच नको होऊ देऊ."

मी हो म्हटलं.

तसं करणं फार सोपं होतं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेचा एक बारका स्क्रू असतो. तो बंद असला की आत हवा जात नाही, पेट्रोल पुढे ओढलं जात नाही, आणि इंजिन चार-पाच मिनिटं चालून मान टाकतं.

रोज संध्याकाळी आम्ही ड्रममध्ये पाणी भरायचो, इंजिन तापू नये म्हणून त्याचं खालचं टोक त्यात बुडवायचो. मी दोरी ओढायची. इंजिन धडधडायचं, मामाजींचा चेहरा फुलायचा.

आणि मग फट् फट् करून बंद.

आम्ही प्लग बदलला. फिल्टर बदललं. कार्ब्युरेटर तीनदा खोलला. वर्गात शिकवते ते सगळं मी मन लावून करत होते, आणि रोज त्याआधी गुपचूप तो स्क्रू आवळत होते.

लाज वाटायची. पण भीती जास्त होती.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी मामाजी खुर्चीत बसले होते. पायांवर सूज आलेली. म्हणाले,

"आज तो हवेचा स्क्रू उघडा ठेव वं."

मला वर बघवेना.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पयल्याच दिवशी. जिंदगी गेली मायी या इंजिनात."

"मग बोलले काहून नाही?"

"नितीननं सांगतलं असन तुले. मी बोललो असतो तर तुमचं दोघांचं भांडण लागलं असतं. म्हनलं, पोरीले वाटन तवा उघडन."

मी खूप रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "हं, ओढ आता दोरी."

इंजिन वीस मिनिटं चाललं. मामाजी हँडलवर हात ठेवून बसले होते. ड्रममधलं पाणी अंगणभर उडालं. शेजारचे काका भिंतीवरून बघत होते.

"रविवारी धरणावर जाऊ," मी म्हटलं. नितीनशी बोलले. तोही तयार झाला. टेम्पो सांगून ठेवला.

शुक्रवारी मामाजींना दम लागला. ॲडमिट करावं लागलं.

रविवारी सकाळी टेम्पोवाल्याचा फोन आला. "ताई, गाडी कुठं लावू?"

मी आयसीयूच्या बाहेर उभी होते. मामाजींना जाऊन तासभर झाला होता.

लोक म्हणाले, तुम्ही त्यांना फार जपलं. जपलं असेल. पाण्यावर काही बरंवाईट झालंही असतं, नाही असं नाही. पण ते ठरवायचा हक्क त्यांचा होता. आम्ही त्यांच्या काळजीपोटी तो घेतला, आणि त्यांनी आमच्या काळजीपोटी घेऊ दिला.

आज सकाळी आम्ही बोट धरणावर नेली. नितीनला पोहता येत नाही, तो जॅकेट घालून पुढे बसला. मधोमध गेल्यावर मी इंजिन बंद केलं.

मग नितीन पाण्याकडे बघत म्हणाला, "इथं आणायले पाहिजे होतं गं त्यायले."

मामाजी, तुम्ही मला माफ करून गेलात, हे मला माहीत आहे.

स्वतःला माफ करणं मला अजून जमलेलं नाही.

तुमच्या पायांवर डोकं ठेवून,
तुमची सून.