बाईंची मुलाखत

आमच्या नायगावच्या शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो. फाटकावर तसा बॅनर झळकतो. नापास व्हायला मुलंच उरली नाहीत, एवढंच त्या बॅनरवर लिहीत नाहीत. आमची मराठी शाळा अनुदानावर चालते, अनुदान पटावर ठरतं आणि पहिलीचा पट भरला नाही की पहिलीच्या बाई, म्हणजे मी, अतिरिक्त. अतिरिक्त म्हणजे सरकार पाठवेल त्या शाळेत निमूट जायचं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक आंबे शोधतात आणि मी मुलं शोधते.

पूर्वी हे सोपं होतं. चाळीच्या एका टोकाला शिरलं की दुसऱ्या टोकापर्यंत दारं उघडीच असायची. आता चाळी पाडून त्याच माणसांना टॉवर मिळाले. चांगलं झालं, संडासाची रांग तरी संपली. पण खाली वॉचमन बसतो आणि त्याला मी दरवेळी साबण विकायला आलेली बाई वाटते.

गेल्या मे महिन्यात मला एकच मूल कमी पडत होतं. एका टॉवरमध्ये पहिलीच्या वयाची मुलगी आहे असा सुगावा लागला आणि मी भर दुपारी तिथे पोचले. वॉचमनशी आधीच एक बाई हुज्जत घालत होती. पलीकडच्या गल्लीतल्या मराठी शाळेची पहिलीची बाई. आम्ही दोघी डी.एड.ला एका बाकावर बसायचो, अगदी जिवाभावाच्या मैत्रिणी. फक्त मे महिन्यात एकमेकींना पाण्यात पाहतो.

"तू काय करतेस इथे?" मी विचारलं.

"पाहुणी आलेय," ती म्हणाली.

पाहुणी ज्या घरी निघाली होती, तिथेच मीही निघाले होते. तिलाही एकच मूल कमी पडत होतं.

दार मुलीच्या आईने उघडलं. ती लॅबमध्ये नोकरीला, त्या दिवशी तिची सुट्टी. आम्ही दोघींनी एकदमच तोंड उघडलं. मी दप्तर देऊ केलं. मैत्रिणीने दप्तर आणि वर रेनकोट. मी रेनकोटावर छत्री चढवणार, तेवढ्यात ती आई म्हणाली, "थांबा हो बाई. इंग्लिश मीडियमला गेलो तर तिथे आमचा इंटरव्ह्यू घेतला. आम्हाला फाडफाड विचारलं, हिला कलर विचारले. ही घाबरून रडली. झालो सगळे नापास. आता इंटरव्ह्यू माझी पोरगी घेणार."

सोफ्यामागून पोरगी बाहेर आली. हातात अर्धी खाल्लेली काकडी. तिने आम्हाला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न टाकला, "पकडापकडी येते?"

मग मजल्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये पन्नाशीच्या दोन बायका पदर खोचून पळत सुटल्या. मैत्रीण चपळ. लिफ्टपाशी अशी हुलकावणी द्यायची की पोरगी खिदळून खाली बसायची. माझे गुडघे मात्र माझं ऐकत नाहीत. मी दोन पावलांत आऊट, आणि एकदा राज्य आलं की ते उतरेचना. शेजारची दारं उघडली, बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

पोरीने माझा हात धरून निकाल सांगितला, "या बाई चांगल्या. लगेच आऊट होतात."

मी लाजबिज काही वाटून न घेता प्रवेश पक्का केला. लिफ्टमध्ये मैत्रीण म्हणाली, "पोरीने तुला बरोब्बर ओळखलं. असू दे गं, मला मिळेल दुसरं कोणीतरी."

तिला कोणी मिळालं नाही. जूनमध्ये तिचा वर्ग बंद झाला आणि तिला गोवंडीच्या एका शाळेत धाडलं. मला फार वाईट वाटलं. आपली नोकरी जागेवर राहिली म्हणून हायसंही वाटलं, तेही खरं.

शाळेच्या पहिल्या दिवशी सगळा वर्ग रडत होता, ही पोरगी सोडून. ती आत आली, वर्गभर फिरली. वाकून बाकांखाली पाहिलं, मग दारामागे, मग माझ्या कपाटामागे.

"काय शोधतेस गं?"

"दुसऱ्या बाईंना," ती कुजबुजली. "तुम्ही सांगू नका हां, कुठे लपल्यात ते."

घंटा झाली, बाकीची मुलं जागेवर बसली. तिला मात्र मी बस म्हणाले नाही.