पाच नंबरच्या ड्रमवरचं पाणी

आधीच सांगून टाकते — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, सतरा वर्षं कारखान्याच्या क्वालिटी विभागात काढलीत, आणि सासरी अमावस्येला कुणी लिंबू ओवाळायला घेतलं की मी उठून गॅलरीत जाते. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव वाचतानासुद्धा माझं निम्मं लक्ष "पण तिथं कुणी काही मोजलं का?" याकडेच असतं. आता मी स्वतः लिहायला बसलेय. माझ्या बाबतीत जे झालं ते मोजून, तपासून, वजन करून झालंय, आणि तरीही त्याचा अर्थ लागत नाही. भीती म्हणाल तर कधी वाटली नाही. वैताग मात्र आला… अजूनही येतो.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमची कंपनी आहे. नाव लिहीत नाही. आम्ही मिक्सर बनवतो — रंगांचे, औषधांचे, सिमेंटचे. गेल्या उन्हाळ्यात एक वेगळंच काम आलं. अणुऊर्जेच्या ठिकाणी फरशा, कपडे, प्रयोगशाळेतली भांडी धुतलेलं पाणी साठतं. त्यात किरणोत्सर्ग अगदी कमी असतो, पण असतो, म्हणून ते गटारात सोडता येत नाही. ते आटवून दाट करतात, सिमेंट, स्लॅग म्हणजे भट्टीची मळी, आणि राखेत कालवतात, आणि ती लापशी — तिला ग्राउट म्हणतात — लोखंडी ड्रममध्ये ओततात. महिनाभरात तिचा दगड होतो. मग तो दगड काँक्रीटच्या खंदकात कायमचा ठेवून द्यायचा. त्यासाठी लागणारा मिक्सर आम्ही बनवला होता आणि त्याची चाचणी आमच्या शेडमध्ये चालली होती. चाचणी नायट्रेटचा क्षार घालून खारवलेल्या साध्या पाण्यावर बरं का! किरणोत्सर्गी थेंबसुद्धा कागलात आलेला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या नणंदेनं तेवढं ऐकून महिनाभर आमच्या घरचं पाणी पिणं सोडलं होतं.

या कामात एक अट फार कडक. ड्रम गोठला की वर मोकळं पाणी दिसता कामा नये. एक थेंबही नाही. दगडात जे कोंडलंय ते बाहेर नेऊ शकेल असं एकच काही असतं, ते म्हणजे पाणी. म्हणून पाणी दिसलं की ड्रम नापास.

मिक्सरवर सदूमामा. वय छप्पन्न, आधी शिरोलीत फाउंड्रीत वाळू कालवायचे, आमच्याकडे वीस वर्षं झाली. माल तयार झाला की नाही हे ते मिक्सरच्या आवाजावरून सांगायचे, आणि मी मीटर लावून बघितलं की ते बरोबरच असायचं. याचाही मला थोडा वैतागच यायचा, खरं सांगायचं तर.

दहा ड्रम भरायचे होते. मंगळवारी पाचवा भरला. भरताना माल जरा घट्ट वाटला म्हणून मामांनी मला हाक मारली. मी आले, बघितलं, मिक्सर अजून दोन मिनिटं फिरवा म्हणाले आणि ऑफिसात गेले. बुधवारी सकाळी झाकण उघडलं — वरचा थर घट्ट, कोरडा. तशी नोंद केली. गुरुवारी सकाळी उघडलं तर वर पाणी. वाटीभर! स्वच्छ, तळ दिसेल असं.

पुसलं. झाकण लावलं, पट्टी आवळली. शुक्रवारी सकाळी पुन्हा वाटीभर. शनिवारी पुन्हा. बाकीचे चार ड्रम ठणठणीत कोरडे. रविवारी सुट्टी. सोमवारी आमचे मालक — आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो — स्वतः शेडमध्ये आले, झाकण उघडून बघितलं आणि म्हणाले, "सदूला केबिनमध्ये पाठवा."

कारण सगळ्यांच्या डोक्यात एकच होतं, माझ्याही. माल घट्ट झाला की तो सैल करायला गुपचूप पाणी मारायचं, ही बांधकामापासून फाउंड्रीपर्यंतची जुनी खोड. आणि मी ऑफिसात गेल्यावर मिक्सरपाशी मामा एकटेच होते.

"मामा, खरं सांगा," मी विचारलं. "पाणी मारलं का?"

"न्हाय मॅडम."

"थोडंसं? अर्धी बादली?"

"न्हाय म्हनलं की. पाणी मारायचं आस्तं, तर तुमास्नी हाक कशाला मारली आस्ती?"

दादा उसळले. "मग पाणी काय आभाळातनं पडलं व्हय रं? वर पत्रा हाय, ड्रमला झाकण हाय!"

"त्ये मला काय म्हाईत, दादा."

"मॅडमला म्हाईत न्हाय, मला म्हाईत न्हाय, तुला म्हाईत न्हाय! क्लायंटला काय सांगू मी?"

दादांनी मामांना 'पुढं कळवू' म्हणून घरी पाठवलं. नापास ड्रमच्या नोंदीत कारण लिहायला एक रकाना असतो. मी लिहिलं — ऑपरेटरची चूक, मिश्रणात जादा पाणी. खाली सही केली आणि तो कागद क्लायंटला मेल केला.

त्याच दुपारी मी त्या पाण्याचा नमुना तपासायला घेतला. खरं तर हे गुरुवारीच करायला हवं होतं. पण जादा पाणीच असणार हे इतकं गृहीत धरलेलं की कुणाला तपासावंसं वाटलंच नाही.

आता जरा शाळेतलं आठवा. सिमेंट भयंकर अल्कधर्मी असतं. त्यावर पाणी थोडा वेळ जरी साचलं तरी त्यात बुडवलेला पीएचचा कागद निळाजांभळा होतो. त्यात आमचं मिश्रण खारं. म्हणजे मालातून वर आलेलं पाणी खारट आणि हात सोलवटेल असं असायला हवं. मी कागद बुडवला. रंग बदलला नाही. दुसरा बुडवला. मग मीटर लावला, मीटर पुन्हा प्रमाणित करून लावला. पाणी उदासीन. क्षार जवळजवळ नाहीत — आमच्या नळाच्या पाण्यात असतात तेवढेही नाहीत! रात्रभर सिमेंटवर साचून राहिलेलं पाणी, आणि त्याला सिमेंटचा वाससुद्धा लागलेला नाही.

म्हणजे ते मालातलं नव्हतं. म्हणजे सदूमामांनी पाणी मारलेलं नव्हतं. सोमवारी दुपारी साडेतीन वाजता हे मला कळलं.

मी काय केलं? नमुन्याची बाटली कपाटात ठेवली आणि स्वतःशी म्हणाले, आधी कारण शोधू, मग बोलू. अर्धवट काय सांगायचं?

मग मी त्या ड्रमच्या मागंच लागले. झाकणावर कागदी पट्ट्या चिकटवून सह्या केल्या. सकाळी पट्ट्या जशाच्या तशा, आत पाणी. झाकणाची आतली बाजू कोरडी — म्हणजे वरून ठिबकलेलंही नाही. ड्रम उचलून एसी लावलेल्या प्रयोगशाळेत नेला, किल्ली माझ्याकडे. सकाळी पाणी. ड्रम काट्यावर ठेवला. रोज वाटीभर पाणी पुसून काढतेय, म्हणजे वजन कमी व्हायला हवं की नाही? होईना! काटा बिघडला म्हणून वजनं मागवून काटा तपासला. काटा ठीक. माझंच डोकं बिघडायची वेळ आली.

त्यात लोकांचे सल्ले. वॉचमन म्हणाला नारळ फोडा. स्टोअरवाला म्हणाला शेडच्या जागी पूर्वी विहीर असणार. "अहो, ड्रम आता शेडमध्ये नाही, माझ्या लॅबमध्ये पहिल्या मजल्यावर आहे!" मी ओरडले. गुरुवारी सकाळी बघते तर ड्रमच्या कड्याला लिंबू-मिरची बांधलेली. क्लायंटला रोज फोटो जातात हो याचे! ती कापून काढली आणि त्या दिवशी मी सगळ्यांशी कोल्हापुरीत बोलले — म्हणजे जी एरवी ऑफिसात बोलत नाही तसली.

आणि रात्री जेवताना नवऱ्यानं सहज विचारलं, "मग त्या माणसाचं काय झालं?"

"कुठल्या?"

"ज्याला घरी पाठवलं."

मी म्हणाले, अजून तपास चाललाय. आणि ताट उचलून आत गेले.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी कागलपलीकडं मामांच्या गावी गेले. मामा गोठ्यात म्हशी धूत होते. मला बघून हात पुसत आले. "या मॅडम, बसा." मामींनी चहा टाकला. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान तोंड फिरवतील. काही नाही. खुर्ची पुसून दिली.

"मामा, तुमची चूक नव्हती," मी म्हणाले. "ते पाणी मालातलं नाही. मी तपासलं."

"ते मला म्हाईत हाय की. तुमास्नी कवा कळलं?"

'काल' म्हणता आलं असतं. त्यांना कुठं समजणार होतं?

"सोमवारी," मी म्हणाले.

मामी कपात चहा ओतत होत्या, त्यांचा हात थांबला. "आनि आज शुक्कीरवार," त्या म्हणाल्या. एवढंच. मग उरलेला चहा ओतून कप माझ्या हातात दिला.

तो चहा मी कसा प्यायले ते माझं मला माहीत.

निघताना मामा फाटकापर्यंत आले. "हे बघा मॅडम. दादा ठेवू देत न्हाईतर काढू देत, ते त्येंचं. पण माझा पोरगा त्याच एमआयडीसीत कामाला हाय. त्येला लोक इचारत्यात, तुझ्या बानं पाणी मारलं म्हनं. जे लिवलंसा ते खोडायचं. समद्यांम्होरं."

शनिवारी सकाळी मी दादांना सगळं सांगितलं. दादांनी कपाळाला हात लावला. "अहो मॅडम, मग आता कारण काय लिहिणार?"

"कारण कळलेलं नाही, असं लिहिणार."

"असं कुठं लिहित्यात व्हय? क्लायंट काय म्हणंल?"

"दादा, मग तुम्ही सांगा, मी तेच लिहिते!"

मी जवळजवळ किंचाळलेच. फाइल माझ्याकडं सरकवत दादा म्हणाले, "लिवा. काय लिवायचं ते लिवा."

मामांना बोलावून घेतलं, पाळीवरची सगळी माणसं गोळा केली. फाइल उघडली, सगळ्यांसमोर ते वाक्य खोडलं, बाजूला सही केली. मामा मागं उभे होते. खोडून झाल्यावर ते पुढं आले, वाकून बघितलं नीट खोडलंय का, आणि म्हणाले, "आता ड्रम दावा."

लॅबमध्ये नेलं. पट्ट्या फाडल्या, झाकण काढलं. वर वाटीभर पाणी होतंच. मी काही म्हणायच्या आत त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"मामा! काय करताय! नायट्रेट आहे त्या मालात!"

"न्हाय की. खारट न्हाय." त्यांनी बोट पुन्हा बुडवून चाखलं. "पाणीच हाय."

"ते मलाही दिसतंय हो!"

त्यांनी फडकं घेतलं, पाणी टिपलं आणि तळहात त्या दगडावर दाबून धरला, ताप बघतात तसा. "माल झकास बसलाय," म्हणाले. मग हात धुतले आणि सहावा ड्रम भरायला खाली गेले.

इथं कुणाला वाटेल की त्यानंतर पाणी यायचं थांबलं असेल. नाही थांबलं. सोमवारी होतं, मंगळवारी होतं. शेवटी क्लायंटच्या परवानगीनं आम्ही ड्रम उभा कापला. दगड कापायचं यंत्र मागवलं, अख्खा दिवस लागला. आत पोकळी नाही, भेग नाही, ओल नाही. वरपासून खालपर्यंत एकसारखा राखाडी दगड. त्याचे तुकडे दाबून बघितले तर दहा ड्रममधला सगळ्यात मजबूत माल तोच निघाला. दोन्ही अर्धुकं महिनाभर झाकून ठेवली, रोज बघितली. कोरडी. त्याच मापाचा माल त्याच लॉटच्या ड्रममध्ये मामांनी पुन्हा भरून दिला. तोही कोरडा.

क्लायंटनं फाइलवर 'झाकणाखालच्या हवेतली वाफ' असं लिहून विषय बंद केला. झाकणाखाली हवा असते चार बोटं. तिच्यातली सगळी वाफ पिळून काढली तरी चमचा ओला होणार नाही. मी तसं कळवलं. उत्तर आलं नाही.

तेव्हा वाचकांनो, कृपा करून वाफ सुचवू नका. आत्मा-बित्माही सुचवू नका — कुणाचा आत्मा? ड्रम नवा कोरा होता. शेड माळावर उभी आहे. कुणी मेलं नाही, कुणी बुडालं नाही. कुणाकडं मोजता येईल असं कारण असेल तर जरूर लिहा. माझ्याकडं नाही.

मामा अजून मिक्सरवर आहेत. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात. फक्त माल घट्ट वाटला की हाक मारतात, आणि मी आले की मशीनपासून दोन पावलं मागं सरून उभे राहतात — मी परत ऑफिसात जाईपर्यंत हात लावत नाहीत, आणि मी गेल्यावर शेजारच्या कुणाला तरी बोलावून जवळ उभं करतात.

त्या पाण्याचं कारण मला आजही माहीत नाही. मी चार दिवस गप्प बसले, त्याचं माहीत आहे.