बांधापलीकडचा कापूस

सुरतच्या साडी मार्केटात मी फोटो काढते. माणसांचे नाही, साड्यांचे. पदर पसरायचा, निऱ्या झोकात पाडायच्या, डागाची बाजू खाली घालायची आणि फोटो द्यायचा धाडून गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर. शेठ म्हणतो, "बेन, फोटा सरस पाडो छो." ह्याच कौतुकाने माझं डोकं फिरलं आणि आईचं कापसाचं अनुदान अडकलं.

आई खान्देशात, गावी एकटी राहते. वडील गेल्यावर सातबारा तिच्या नावावर झाला. अनुदान जाहीर झालं तेव्हा पैसे तिला हवेच होते, पैसे कुणाला नको असतात? पण तिचा जीव अडकला होता यादीत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शेतकऱ्यांची यादी लागते, तिच्यात कायम वडिलांचं नाव असायचं. कापूस लावला, निंदला, वेचला हिने. आता एकदा तरी स्वतःचं नाव तिथे लागलेलं तिला हवं होतं.

त्यासाठी वावरात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो चढवावा लागतो. आईचा फोन साधा, बटणांचा. श्रावणात कानबाईच्या सणाला आम्ही सुरतच्या डिंडोलीत राहणारे खान्देशी झाडून सगळे गावी जातो, तेव्हा हे काम आपसूक माझ्याकडे आलं. वावरात जाऊन बघते तर आमचा कापूस गुडघ्याएवढा, पिवळट. बांधापलीकडे शेजाऱ्यांचा कमरेला लागणारा, हिरवागार. म्हटलं, सरकारला दाखवायचं तर जरा बरं दिसायला नको? ओलांडला बांध, काढला फोटो, दिला चढवून. वर स्वतःवरच खूश होऊन दोन दिवस मिरवले. फोटोबरोबर जागेचीही नोंद होते, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

यादी लागली, तिच्यात आईचं नाव नव्हतं. आईने ती शाळेतल्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतली आणि मला फोन केला. रडली नाही, रागावली नाही. एवढंच विचारलं, "मंग मी वावरमा काय लायेल व्हतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला ताप आल्याचं शेठला सांगितलं आणि उधना स्टेशनवरून गावची गाडी धरली.

तलाठ्याकडे जाताना वाटेत आईला सगळं खरं सांगून टाकलं. तिने ऐकलं आणि चालत राहिली. तलाठी भाऊसाहेबांनी फोटो उघडून आमच्यापुढे धरला. म्हणाले, "हे वावर तुमचं नाही. मुद्दाम काढला का?"

मी कबूल करायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "साहेब, मनी पोर सुरतले ऱ्हास. तिले आते आपलं वावर वयखू येत नई."

सुरतेत राहणारीला स्वतःचं वावर ओळखता येत नाही, हे भाऊसाहेबांना लगेच पटलं. एक शब्द उलटा विचारला नाही. त्याच दिवशी वावरात येऊन आमच्या कापसाच्या पऱ्हाट्या बघून गेले, आणि पुरवणी यादीत आईचं नाव लागलं. तिने स्वतः जाऊन त्यावर बोट ठेवलं म्हणे.

मी परत मार्केटात साड्या पसरते आहे. आईने मला वाचवलं, हे खरं. मला वाचवायला ती खोटं बोलली असं मात्र मी सांगत नाही, कारण ते खोटं होतं की नाही हे तिला विचारायचा मला धीर होत नाही.